खानावळ या शब्दाचा अर्थ

मी शिरपूर सोडलं त्या दिवशी माय मला स्टँडवर सोडायला आली नाही. दुपारची पंगत बसली होती. पिठाच्या हातांनीच ती दारापर्यंत आली, म्हणाली, "पोचनी का फोन कर," आणि आत वळली.

वडील गेल्यावर मायनं पुढच्या खोलीत खानावळ काढली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून कॉलेजला आलेली मुलंमुली जेवायला यायची. मी तेव्हा सहावीत होते. आम्हा दोघींना कधी निवांत जेवता यायचं नाही, याचा मला फार राग यायचा.

आता जर्मनीत आठ वर्षं झाली. सुपरमार्केट, मायक्रोवेव्ह, लॅपटॉपसमोर ताट. निवांतपणा भरपूर आहे. रविवारी तर कधीकधी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही.

पगार वाढल्यावर मीच हट्ट धरून मायला खानावळ बंद करायला लावली. दोन महिन्यांत तिची गालफडं बसली. व्हिडिओ कॉलवर खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "घरमा बठ्ठं शे पोरी, पन एकलीले घास उतरत नही." घरात सगळं असून एकटीला जेवण जात नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा मुलं जेवायला घेतली.

मध्यंतरी ऑफिसातल्या एका बाईनं विचारलं, तुझी आई काय करते? रेस्टॉरंट म्हणवेना. खानावळ म्हणाले, तर तिनं शब्दाचा अर्थ विचारला. ओळीत बसून खायची जागा, असं सांगून टाकलं. घरी येऊन शब्दकोश पाहिला. शिवण्याची मजुरी शिवणावळ, दळण्याची दळणावळ, तसे खाण्यापोटी द्यायचे पैसे म्हणजे खाणावळ. पुढे जागेलाच ते नाव पडलं, आणि बोलण्यात त्याची खानावळ झाली.

मायला फोनवर हे सांगितलं. ती हसली. "मंग तुनी खानावळ मी कधी लिधी?"

खरंच, माझ्या जेवणाचे पैसे तिनं कधीच घेतले नव्हते.

यंदा जानेवारीत घरी गेले. मुलांच्या ओळीतच बसले. शेजारच्या मुलीनं हळूच विचारलं, "ताई, तुम्हीबी इथं खानावळ लावली का?"

"हो," मी म्हटलं, "पंधरा दिवसांसाठी."

मायनं ते ऐकलं. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली आणि पुढच्या ताटाकडे गेली. घर आता माझ्यासाठी तेवढंच उरलंय, त्या ओळीतली एक जागा.