धूर बाहेर जातो का?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तुळजापूरला माहेरी नाही, रोज एका टेबलावर डबा खाणाऱ्या मैत्रिणींनाही नाही. आजच का सांगतेय, तेही मला धड सांगता यायचं नाही. पण तुम्ही बसला आहात, ऐकताय — तर सांगते. मध्येच थांबले तर जरा थांबू द्या.

आधी माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तपासणी करते. एखादी संस्था गावात सुधारित चुली बसवते — लाकूड कमी लागतं, धूर नळीतून थेट छताबाहेर जातो, असा दावा असतो. मग आम्ही जाऊन बघायचं. चूल खरंच बसवली का? नीट बसवली का? लाकूड खरंच वाचतं का? सगळी घरं बघत नाहीत. चिठ्ठ्या टाकून थोडी निवडायची, तिथं तीन दिवस रोज सकाळी लाकूड तोलायचं आणि फॉर्म भरायचा. त्यातलं एक जरी घर नापास झालं, तर अख्खं गाव पुन्हा तपासायचं, घर न् घर. हा नियम तेवढा ध्यानात ठेवा.

आणि हेही सांगते, की मी या कामात कडक म्हणून ओळखली जाते. नव्यानं लागलेल्यांना आधी माझ्यासोबत पाठवतात. त्याचा मला माज होता. होता कशाला, आहे.

तर ते गाव. लोहारा तालुक्यातलं, सास्तूरच्या पलीकडं. नाव नको. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. तिथली माणसं छताला हात लावू देत नाहीत. भिंतीलासुद्धा नाही. छन्नी-हातोडा काढला की घरातलं सगळ्यात जुनं माणूस उंबऱ्यात येऊन उभं राहतं. मी ज्या ज्या घरात गेले, तिथं छताला टांगलेला पंखा पाहिला नाही. सगळीकडं आपले टेबलफॅन. बाहेरच्यांना हसू येतं. मलाही पहिल्यांदा आलं होतं.

गिरजामावशींचं घर त्यातलंच. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, तोंडानं जरा फटकळ. घरात मुलगा दत्ता, सून रेखा. भूकंपात मावशींची दोन वर्षांची मुलगी जुन्या घराच्या मातीच्या छताखाली, माळवदाखाली, दबून गेली. हे त्यांनीच मला सांगितलं, भाकरी थापता थापता. मग छताकडं बघून म्हणाल्या, "ह्याला भोक पाडू देनार न्हाय म्या. चूल न्या वाटलं तर."

चूल बसवणाऱ्यांनी ती नेली नाही. त्यांनी नळी स्लॅबच्या खाली वीतभर आणली आणि तिथंच सोडून दिली. खालून फोटो काढला की नळी वर गेलेली दिसते, पुढचं दिसत नाही. धूर सगळा खोलीत. आणि याहून वाईट काय, तर आधी मावशींची चूल बाहेर पत्र्याच्या पडवीत होती, दोन बाजूंनी उघडी. पण योजनेच्या नियमाप्रमाणं नवी चूल पक्क्या छताखाली हवी. म्हणून ती आत आली, जुनी फोडली गेली, पडवीत कडबा रचला गेला. म्हणजे जी बाई वाऱ्यावर बसून स्वयंपाक करत होती, तिला आम्ही धुरात नेऊन बसवलं.

मी हे पहिल्याच दिवशी पाहिलं. मान वर करून पाहिलं. मावशींनी मला मान वर करताना पाहिलं — हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगते.

एप्रिलचे दिवस होते. धुराला कंटाळून घरातल्या बायका भाकरी अंगणात तीन दगडांवर करायच्या. आत फक्त चहा आणि भात. मी काय केलं? आतलं लाकूड तोललं. अंगणातली राख गरम होती, तिच्यावरून मी रोज चालत जायची, पण तिथलं लाकूड काट्यावर घेतलं नाही. मग बचत काय, भरपूरच दिसली. वरिष्ठांनी फोन करून कौतुक केलं. चूल जितकी कमी वापरली, तितकी ती कागदावर चांगली ठरली.

फॉर्मवर एक साधा प्रश्न असतो. धूर बाहेर जातो का? मी 'होय' लिहिलं.

का लिहिलं? कुणी दम दिला नव्हता. कुणी काही देऊ केलं नव्हतं. त्या उन्हात अख्खं गाव पुन्हा, घर न् घर, तीन-तीन दिवस — मला ते नको होतं. बस, एवढंच. मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावत होते, की छताला नाही म्हणणाऱ्या मावशीच होत्या, मी काय करणार? पण फॉर्मच्या तळाला शेऱ्याचा रकाना असतो. 'चूल पडवीत हलवावी.' तीन शब्द. छताला हातही लागला नसता. मी रकान्यात आडवी रेघ मारली, आणि चुलीमागच्या भिंतीवर 'तपासणी पूर्ण' असं स्टिकर चिकटवून त्यावर सही केली.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, कामचुकारपणा झाला, होतो माणसाच्या हातून. थांबा.

पुढच्या थंडीत मी धाराशिवला दवाखान्यात गेले होते, सासऱ्यांचे रिपोर्ट आणायला. बाकड्यावर गिरजामावशी. वाळून गेलेल्या, चार शब्द बोलून दम घेणाऱ्या. शेजारी दत्ता. मला बघून त्याला कोण आनंद झाला! म्हणाला, "म्याडम, तुमीच सांगा आईला. चुलीचा धूर लई व्हतो म्हनती. पडवीतला कडबा काढ आन् चूल तिथं मांड, रोज येकच. म्या म्हनतो, म्याडमनी तपासून सही केलीया की!"

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. मी नळी पाहिली होती, हे त्यांना माहीत होतं. मी एक शब्द बोलले असते तर त्या संध्याकाळी कडबा हलला असता. सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं — खरंच आलं होतं. आणि मी म्हणाले, "चूल बरोबर आहे. तपासलेली आहे."

मावशींनी मान हलवली. "व्हय का? मंग माझंच कायतरी आसंल," म्हणाल्या.

त्या भांडल्या असत्या तर! फटकळ बाई, चार शिव्या घातल्या असत्या तर! स्वतःच्या डोळ्यांपेक्षा, स्वतःच्या छातीपेक्षा त्यांनी माझी सही खरी मानली. मी रिपोर्ट घेतले आणि निघाले.

पावसाळ्यात मावशी गेल्या. पावसात अंगणात चूल पेटत नाही; स्वयंपाक आतच होत असणार. त्या धुरानं गेल्या, असं मी म्हणू शकत नाही. डॉक्टर काय म्हणाले तेही मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे, की घरात त्या धुराबद्दल पुन्हा कुणी त्यांचं ऐकून घेतलं नसेल. ती सोय मी करून ठेवली होती.

गेल्या महिन्यात फेरतपासणी निघाली. त्याच गावात, त्याच घरांत, आणि यादीवर माझंच नाव. आजारी पडता आलं असतं. तेही केलं नाही. चुलीपुढं आता रेखा बसते. डोळे लाल, पदर नाकाशी. तिनं मला पाट दिला, चहा टाकला. मग चुलीत फुंकर घालताना थांबून म्हणाली, "म्याडम, आत्याबाई लई सांगायच्या धुराचं. मला वाटायचं, काम टाळाया सांगत्यात. तोंडावर बोलले बी येकदा. आता म्या बसते तवा कळतंय."

तिनं मला दोष दिला नाही. स्वतःलाच दिला. मी चहा प्यायले. आता खरं लिहायचं तर मागचा फॉर्म खोटा ठरणार, आणि त्यासोबत मी. म्हणून मी परत 'होय' लिहिलं.

रेखा अजून तिशीची नाही. पाऊस तोंडावर आला आहे. तो फॉर्म परत मागवून दुरुस्त करता येतो, त्याला एका ओळीचा अर्ज पुरतो. मी तो केलेला नाही.