सळईला पाणी

आमच्या बोईसरच्या चाळीत समोर राहणारे काका लष्करात टेलिफोनच्या तारा ओढायचे. बोलताना अजूनही दर वाक्यानंतर थांबतात, पलीकडून उत्तर यायचं असल्यासारखे.

आईचं अर्धं अंग आणि वाचा गेली, तेव्हा मी तिला परभणीहून इकडे आणलं. मी नववीत शाळा सोडलेला; कारखान्यात हात मशीनवर आणि जीव घरी. ते बघून काकांनी भंगारातून दोन जुने लष्करी फोन आणले. एक आईच्या उशाशी, एक त्यांच्याकडे. हँडल फिरवलं की पलीकडे घंटी वाजते. मध्ये तार एकच. दुसरीचं काम जमीन करते, म्हणून दोन्ही घरांमागे एकेक लोखंडी सळई ठोकली.

रोज सकाळी काका फोनवर विचारतात, "मावशी, बरी हाय ना?" आई एकदा हँडल फिरवते.

या मे महिन्यात एकदा उत्तर आलं नाही. काका अनवाणी धावत आले. आई बरी होती; सळईभोवतीची जमीन सुकल्याने घंटी पोचली नव्हती. तेव्हापासून ते रोज स्वतःच्या हंड्यातलं तांब्याभर पाणी आमच्या सळईला घालतात.

"काका, टँकरचं पाणी हो हे! प्यायला ठेवा."

"तुजी आय बोलते त्याच्यातनं. तू जा डूटीवर."

काल काका सळईपाशी आले तेव्हा मागच्या खिडकीतून आईचा चांगला हात बाहेर आला. हातात गोळीसाठी भरून ठेवलेला पाण्याचा पेला होता. काकांनी तो सळईवर ओतला आणि घरी जाऊन फोन केला. आई हँडल फिरवतच राहिली.

"बास, मावशी," समोरून हाक आली, "कळलं!"