स्वागताचा बोर्ड

शिवाजी पेठेत माझं डिजिटल बोर्ड छापायचं दुकान आहे. वाढदिवस असो, निवड असो की निधन, चौकात बोर्ड लागल्याशिवाय ते घडलं असं आमच्याकडं कुणी मानत नाही. त्यामुळं गल्लीतला एक जण मारामारीच्या गुन्ह्यात चार वर्षं भोगून सुटला, तेव्हा तालमीच्या पोरांनी त्याच्याही स्वागताचा बोर्ड सांगितला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्याच्या जुन्या फोटोवर गॉगल मीच चढवला आणि खाली चाळीस शुभेच्छुकांची तोंडं बसवली.

छापायच्या आधी तो स्वतः दुकानात आला. तुरुंगात तो सुतारकाम शिकला होता. एका फर्निचरच्या कारखान्यात त्याला सोमवारपासून बोलावलं होतं. शिक्षेचं त्यानं मालकाला आपणहून सांगितलं होतं, तरीही.

"मामा, तेवढा बोर्ड छापू नगासा," तो म्हणाला. "मला गप कामाला जाऊ द्या की."

मी हो म्हणालो. पण संध्याकाळी पोरं आली, आणि पेठेत राहून तालमीला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. बोर्ड चौकात लागला, नेमका त्या मालकाच्या रोजच्या वाटेवर. गुलाल उडाला, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. शेवटी तोही हसला.

सोमवारी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मी रदबदली करायला गेलो. माणूस बरा असेल, मालक म्हणाले, पण उद्या मी त्याला रागावलो तर ही चाळीस पोरं माझ्या दारात उभी राहतील. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

पुढं दोन-तीन ठिकाणी हेच झालं. माझ्याकडं बोर्डाच्या चौकटी ठोकायला माणूस लागतोच, पण गिऱ्हाईक बिचकेल म्हणून मी विषयच काढला नाही. याची मला लाज वाटते. तो तालमीच्या कट्ट्यावर बसू लागला. गणपतीच्या मिरवणुकीत दोन मंडळांत जुंपली तेव्हा पोरांनी त्यालाच पुढं केलं, आणि त्यानं एकाचं डोकं फोडलं.

कोर्टाच्या आवारात मी त्याला भेटलो. माफी मागायला गेलो होतो. पण त्यानंच माझी समजूत काढली.

"वाईट वाटून घिऊ नगासा, मामा. आत मला सुतार म्हणत्यात."