पाचव्या शीलाला गप्प

आमच्या ह्यांना फौजेनं काढून टाकलं आणि गावानं त्यांची मिरवणूक काढली. दोन्ही एकाच आठवड्यात.

बिलोली तालुक्यातलं आमचं गाव. आमच्याकडं एक रीत पडून गेलीय. गावचा माणूस फौजेतून कायमचा परत आला, की त्याला फाट्यावरून पायी येऊ द्यायचं नाही. उघडी जीप, डीजे, गुलाल आणि वेशीवर हा एवढा फ्लेक्स, 'सेवापूर्ती सोहळा'. ह्यांचा (नवऱ्याला मी 'हे' म्हणते, इथंही तेच चालवते) दिल्लीहून फोन आला, "मी येऊन राहिलो. कायमचा. काढलं मला." कशापायी, ते पुढं दोन शब्दांत सांगितलं. गोळ्या सापडल्या, नशेच्या. मी फोन ठेवला. आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, विचारलं काय झालं, तर तोंडातून एवढंच निघालं, "ते येऊन राहिले. कायमचे."

झालं! आत्याबाईंनी शेजारी सांगितलं, शेजारणीनं सरपंचांच्या घरी सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत फ्लेक्स छापायला गेला. पेन्शनला अजून कितीतरी वर्षं बाकी होती, पण हिशेब करतंय कोण? गावाला मिरवणूक हवी असते. मी दुसऱ्या दिवशी सरपंचांकडं सांगायला गेले तर त्यांनी मला मोबाइलवर फ्लेक्सवरचा ह्यांचा फोटोच दाखवला. म्हणाले, "बाई, मिशी बरोबर आली का बघा." सांगायचं ते राहिलंच. मिशी बरोबर आली होती.

हे जीपमध्ये उभे राहिले. काळा गॉगल काही काढला नाही. लोकांना वाटलं, रुबाब. गुलालानं शर्ट लाल झाला आणि डीजेवाला देशभक्तीची गाणी संपली तरी थांबेना. मिरवणूक विहारापाशी आली. आम्ही बौद्ध, आमच्यात कुठल्याही चांगल्या कामाला विहारात त्रिशरण-पंचशील होतंच. सगळं गाव हात जोडून उभं, हे पुढं. पहिलं शील म्हणाले, दुसरं म्हणाले, तिसरं, चौथं. पाचवं शील नशा न करण्याचं. त्या वेळी ह्यांचे ओठ मिटले. बाकी सगळ्यांनी ते म्हटलं, शेवटी 'साधु', म्हणजे 'छान झालं', असंही म्हटलं आणि हे गप्प. मी बाजूलाच होते. मला वाटलं, माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता त्या गोळ्यांचं सांगते. पहाडात ड्युटी होती. बर्फात घसरून पाठीवर पडले. मणक्याला मार बसला. दवाखान्यात दुखणं थांबायच्या गोळ्या दिल्या. दुखणं कमी झालं, पण गोळ्या काही सुटल्या नाहीत. तिथून मिळायच्या बंद झाल्या तेव्हा बाहेरून घ्यायला लागले. एक दिवस सामानाची झडती झाली. ह्यांनी स्वतःच सांगून टाकलं, घेतो म्हणून. का घेतो, ते कुणी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. डिस्चार्ज बुक नावाचं एक छोटं पुस्तक हातात दिलं. प्रत्येक फौजी ते जन्मभर कपाटात जपून ठेवतो. ह्यांच्या पुस्तकात कारण लिहिलं होतं, अंमली पदार्थांचं सेवन, सेवेस नालायक. वर्तणूक, खराब.

मिरवणूक झाल्यावर मी आधी ह्यांना लातूरला नेलं. लातूर माझं माहेर. गावात सांगितलं, पाठीच्या इलाजाला चाललो. तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात ह्यांना ठेवलं. मी रोज डबा घेऊन जायची. ते काही दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. रडायचे, शिव्या द्यायचे, मला म्हणायचे, तू जा, मला सोडून दे. मी म्हणायची, "जाते की. आधी डबा खा." तिथून निघाले ते सुटूनच निघाले. आजतागायत पाठ दुखली तर पाठीवर गरम पाण्याची पिशवी धरतात, साधी डोकेदुखीची गोळी घेत नाहीत.

गावात ह्यांना नळयोजनेचं काम मिळालं. मोटार चालू करायची, गल्लीगल्लीत व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं. पहाटे उठून जायचे. कुणाच्या गल्लीला कमी नाही, जास्त नाही. मधे नांदेडला एका ठिकाणी सुरक्षारक्षकाची जागा निघाली. तिथल्या साहेबानं डिस्चार्ज बुक उघडलं, वाचलं, मिटलं आणि दोन बोटांनी धरून परत दिलं. दोन बोटांनी! मी बाहेर बाकड्यावर बसून बघत होते. माझं डोकंच सणकलं.

बसमध्ये मी ह्यांना म्हटलं, "ही ओळ बदलायची."

"पागल झालीस का? फौज लिहिलेलं बदलत न्हाई."

"चुकीचं लिहिलं तर बदलावं लागंल."

"चुकीचं कुठं हाय? घेतल्या न्हाईत का मी?"

तिथंच तर सगळं अडत होतं. हे धुतल्या तांदळासारखे आहेत असं मला कुणाकडून लिहून नको होतं. घेतल्या तर घेतल्या. पण देशाच्या कामात पडलेला माणूस, तुमच्याच दवाखान्यात सुरू झालेल्या गोळ्या, आणि त्या माणसाला आजारी लिहायचं सोडून नालायक लिहिता? ते मला गिळवत नव्हतं. मला 'नालायक'च्या जागी 'आजारी' पाहिजे होतं. एवढंच. पण तेवढं घेतल्याशिवाय मी राहणार नव्हते.

नांदेडच्या वकीलबाई फौजींची कामं बघतात असं कळलं. पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यांना मेडिकल बोर्डापुढे न्यायला पाहिजे होतं. नेलंच नाही. त्यावर लढता येईल. मुंबईला, फौजेच्या न्यायाधिकरणात. पण वेळ लागेल." मी म्हटलं, लागू द्या, मला कुठं जायचंय?

दवाखान्याचे जुने कागद मागवण्यात, लातूरच्या डॉक्टरांचं लिहून घेण्यात बरेच महिने गेले. मग वकीलबाई म्हणाल्या, गोळ्या सुटल्यानंतर हा माणूस कसा राहतो, ते गावाकडून लिहून आणा. मला वाटलं, हे तर सगळ्यांत सोपं. सरपंचांनी ह्यांचं नाव ऐकताच दाखला टाइप करून दिला, शिक्का मारून. वर मिरवणुकीचा फोटोही चिकटवला. मी तो दाखला मिरवतच नांदेडला घेऊन गेले.

वकीलबाईंनी वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "हे काय आणलंय बाई तुम्ही? 'सन्मानानं निवृत्त होऊन परतले, गावानं भव्य सत्कार केला.' हे मी लावलं, तर समोरचे म्हणतील, ह्या माणसानं अख्ख्या गावाला फसवलं. आणि म्हणतील काय, खरंच आहे ते."

"मग गावाचं लावूच नका."

"नाही लावलं तर ते विचारतील, ज्या गावात राहतो ते गाव का बोलत नाही?"

म्हणजे आली का पंचाईत? गावाकडून खरं लिहून घ्यायचं, तर गावाला आधी खरं सांगावं लागणार. ज्यांनी गुलाल उधळला त्यांना.

हे म्हणाले, सोडून दे. गावात राह्यचंय आपल्याला. पाणी सोडायला गेलो तर बायका पदराआड हसतील. आईला काय वाटंल? मी म्हटलं, वाटायचं ते वाटंल. तरी आत्याबाईंना सांगणं मलाही जड जात होतं. शेवटी एका दुपारी आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांच्यापुढं मीही सूप घेऊन बसले आणि सुरू केलं, "आत्याबाई, ते फौजेतून आले ना, ते तसे आले न्हाईत..."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत.

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगंल? पाचव्या शीलाला गप बसलं माझं लेकरू. लहानपणी बेंबीच्या देठापासून म्हनायचं. तवाच कळलं, कायतरी झालं. अजूनबी म्हनत न्हाई. दर पुनवेला बघून राहिले मी."

मी तोंडात मारल्यासारखी बसले. इतके दिवस ही बाई एका शब्दानं बोलली नाही! मग त्या म्हणाल्या, "सांग जा गावाला. माझ्याकडं बघून गप राहू नका." मला रडूच फुटलं. शेंगांत पाणी पडतंय म्हणून त्यांनी सूप ओढून घेतलं.

ग्रामसभेला मी उभी राहिले. मी शाळेत शिकवते, आवाज मोठाच आहे. पण "मला बोलायचंय" म्हटलं आणि पुढं शब्दच येईनात. तेवढ्यात मागून हे उठले. घरून निघताना म्हणाले होते, मी येत न्हाई. मोटारीकडूनच आले असावेत, चप्पल चिखलानं भरलेली. हात मागं बांधून, फौजेत उभे राहतात तसे उभे राहिले आणि म्हणाले, "मला काढलं होतं. गोळ्या घेत होतो. तुम्ही डीजे लावून आणलं, मी सांगितलं न्हाई. आता घेत न्हाई. गावानं जे खरं हाय ते लिहून द्यावं, एवढीच विनंती."

सभेत कुजबुज. सरपंचांचा चेहरा उतरला, "अहो, आमची फजिती झाली की ही!" मागच्या बाजूनं एक जण ओरडला, "गुलाल फुकट गेला म्हना! असल्या नशेबाजाला पाणी सोडायला ठेवलं व्हय आपण?"

मग मात्र माझा आवाज परत आला. "तुमच्या तोंडाचा वास इथपर्यंत येऊन राहिला! आधी तुम्ही सरळ उभं राहून दाखवा, मग नशेचं बोला!" सभा हसली. तो माणूस उठायला गेला आणि खरंच भिंत धरावी लागली त्याला. पण हसण्यानं ठराव होत नसतो. बराच वेळ कुणी हात वर करेना. मग वरच्या गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "ह्यो यायच्या आधी आमच्या गल्लीला पाणीच येत नव्हतं. मला त्येच्या गोळ्याबिळ्या ठावं न्हाई. मला पाणी ठावं हाय." तिनं हात वर केला. मग बायकांचे हात वर झाले, मग पुरुषांचे. सगळे नाही. पण ठराव झाला, आणि सरपंचांनी तो आधी वाचून मग शिक्का मारला.

मुंबईला आम्ही कितीदा गेलो ते मोजत नाही. कधी तारीख पुढं जायची, कधी समोरचे वेळ मागायचे. दर वेळी मी भाकरी-ठेचा बांधून घ्यायची आणि दर वेळी हे म्हणायचे, बस झालं आता. मी म्हणायची, गाडीत बसा. शेवटच्या सुनावणीला न्यायाधीशांशेजारी बसणाऱ्या फौजी साहेबांनी गावाचा ठराव हातात घेतला आणि थेट ह्यांनाच विचारलं, "गाँववालों को पहले क्या बताया था?"

"कुछ नहीं बताया था, साहब. वो खुद ही बाजा ले आए."

"और अब?"

"अब सब बता दिया है. ग्रामसभा में, खड़े होकर."

साहेबांनी ठराव पुन्हा एकदा वाचला. 

निकाल आमच्या बाजूनं लागला. मेडिकल बोर्डापुढं न नेताच काढलं हे चूक, कारण बदलून द्यावं, असं आलं. नवीन पुस्तक यायलाही वेळ लागला, तेव्हाही मी वकीलबाईंचं डोकं खाल्लं. आता कारण आहे, वैद्यकीय. 'वर्तणूक'पुढं 'अतिउत्तम' नाही, 'चांगली' आहे. ठीक आहे. हे म्हणाले, "चांगली तर चांगली. तेवढीच व्हती." पुस्तक आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ तसंच धरून बसल्या.

सरपंच म्हणाले, पुन्हा जीप काढू, ह्या वेळी खरीखुरी. ह्यांनी हात जोडले, नको. पौर्णिमेला तेवढं विहारात गेलो. नेहमीचीच माणसं, पण त्या दिवशी जरा जास्त. ग्रामसभेत भिंत धरणारा तोही एका कोपऱ्यात होता, अंघोळ करून आलेला. शीलं सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं सगळ्यांनी मिळून म्हटलं. मग काय झालं कुणास ठाऊक, कुणी ठरवलं नव्हतं, पण पाचव्याला सगळं विहार गप्प झालं. कुणीच म्हणेना. सगळे ह्यांची वाट बघत थांबले.

ह्यांनी मान वर केली. एकट्यानं म्हटलं, मोठ्यानं, बेंबीच्या देठापासून, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत.  आत्याबाईंनीच सगळ्यांच्या आधी 'साधु' म्हटलं.