पंचमीची खोली
वडील गेल्यावर औंढ्याचं आमचं घर बघता बघता खचलं. माळवद गळायला लागलं, भिंतींचे पोपडे जेवताना ताटात पडायचे. भाऊ पुण्यात, मी सासरी परभणीला. घर दुरुस्त करून भाड्यानं द्यायची टूम आईनंच काढली. आम्हाला वाटलं, चार दिवसांचा उत्साह. पण तिनं माळवद उतरवून पत्रे टाकले, फरशी बसवली, मोठ्या खोलीत प्लायच्या सरकत्या भिंती लावून घेतल्या. वर्षभर तिथं दवाखान्यातल्या नर्सबाई आणि बँकेतला कारकून राहायचे. श्रावणात भिंती सरकवून उरलेल्या जागेत देवळाला येणाऱ्या यात्रेकरूंना खाटा. सैपाकघर सगळ्यांचं.

मिस्त्रीनं विचारलं होतं, "मावशी, तुमची खोली कोणती?"

"मला काय करायची? सगळं घर माझंच हाय की."

आम्ही बहीणभाऊ हसलो होतो. कशाला हसलो कोण जाणे.

आमच्याकडे पंचमीला लेकीला न्यायला मुराळी येतो, बाप नाहीतर भाऊ. वडील होते तोवर न चुकता यायचे. ते गेल्यावर भावाला सुट्टी मिळेना. पंचमी आली, न्यायला कुणी आलं नाही, आईही फोनवर 'ये' म्हणाली नाही. मी समजले, घर यात्रेकरूंनी भरलंय, त्यात माझी अडचण कशाला! मोठा समजूतदारपणा केल्यासारखं वाटलं मला. पुढच्या वर्षीही तेच.

यंदा मात्र राहवलं नाही. न कळवताच गेले. घर माणसांनी गजबजलेलं, आणि आई सैपाकघराच्या दाराशी बोळीत, धान्याच्या पोत्याला टेकून दुपारची झोपलेली. माझं डोकंच फिरलं.

"सगळं घर लोकांना देऊन तू इथं पडतेस?"

ती धडपडत उठली. कमरेची किल्ली काढून तिनं शेवटची खोली उघडली. आत गादी, धुतलेली चादर. देवळीत कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या, दर पंचमीची वेगळी पुडी. जुन्या पुड्यांचा कागद पिवळा पडलेला.

मागे उभी राहिलेली नर्सबाई म्हणाली, "ताई, श्रावणात ही खोली तुमच्या आई कुणालाच देत न्हाईत. माणसं हातापाया पडतात तरी."

"मग मला बोलावलं काहून न्हाईस?" रागात माझ्या तोंडी माहेरची बोली आली.

"कोणत्या तोंडानं बोलावू बाई? धाडायला माणूस न्हाई. एकटीच ये म्हणलं तर तुझ्या सासरचे काय म्हणतील?"

मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती माझ्या हातात बांगड्या भरायला बसली. एवढ्यात दारात एक कुटुंब जागा विचारत आलं.

"न्हाई बाबा," आई आतूनच मोठ्यानं म्हणाली, "माझी लेक आली हाय."

आधीच्या दोन पंचम्यांना तिनं ही खोली मागणाऱ्या लोकांना काय सांगितलं असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.