बरडीचं मशीन, काळीचं मशीन

बोरगाव मेघेच्या नत्थूभाऊंना कोणी फोन करून म्हणालं, की भाऊ, माझं कानातलं हरवलं, मशीन घेऊन या, तर पलीकडचा माणूस रडत असला तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "जमीन कशी हाये?" वस्तू सोन्याची की चांदीची, हरवून किती दिवस झाले, ते सगळं नंतर. रेती आहे, मुरूम आहे, काळी आहे की लग्नाचं लॉन, हे कळल्याशिवाय नत्थूभाऊ चप्पलसुद्धा पायात घालत नाहीत.

तीस वर्षं ते पाणीपुरवठ्यात फिटर होते. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि पाइपलाइनचे जुने व्हॉल्व्ह त्याखाली गडप झाले. ते शोधायला खात्यात एक मेटल डिटेक्टर आला. साहेबांनी दोन दिवस फिरवून पाहिला, कंटाळले आणि नत्थूभाऊंच्या गळ्यात मारला. नत्थूभाऊ त्या दिवशी जे मशीनच्या प्रेमात पडले ते आजतागायत बाहेर आलेले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची तीन मशीनं घेतली. तिन्ही समोरच्या खोलीत खुंट्यांवर टांगलेली असतात. "जावयाले शर्ट टांगाले खुंटी नाई या घरात," असं त्यांची बायको, धुरपताबाई, येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते.

तीन कशाला, एकच चांगलं घ्यायचं, असं कोणी सुचवलं की नत्थूभाऊंचा पारा चढतो. मग समोरच्याची सुटका नसते. धाम नदीच्या पात्रात मोठ्या थाळीचं, म्हणजे जमिनीवर फिरवायच्या मोठ्या चकतीचं, मशीन, कारण रेती गप्प असते आणि मोठी थाळी खोलवरचं ऐकते. लग्नाच्या लॉनवर तीच थाळी नेली की संपलं. एका थाळीखाली चार खिळे, दोन बुचं आणि गुटख्याच्या पुड्या. तिथं हलकं, छोट्या थाळीचं मशीन. आणि बरडीवर, म्हणजे मुरमाड जमिनीवर, तिसरं. मुरमात लोखंडाचा अंश असतो, साधं मशीन प्रत्येक खड्याला ओरडतं. तिसऱ्याला मात्र जमीन शिकवता येते. मोकळ्या मातीवर थाळी खाली-वर, खाली-वर करायची, मशीन गप्प होईपर्यंत. "मातीचा आवाज वेगळा काढाचा, मंग जे राह्यलं थे आपलं," असं म्हणून नत्थूभाऊ पाहुण्याकडे असं बघतात, जणू ही युक्ती मशीन बनवणाऱ्यालाही माहीत नसावी. अभिमान त्यांना आहे आणि तो लपवायचा त्यांनी कधी प्रयत्न केलेला नाही.

धुरपताबाईंचा अभिमान वेगळा. त्या वेचणाऱ्या बायांच्या टोळीच्या मुकादम. पंधरा बाया, एक ऑटो आणि देवळीच्या रस्त्यावरची सात-आठ वावरं. त्यांच्या टोळीनं वेचलेल्या कापसात किडकी कवडी नाही की पाचोळा नाही, हे शेतकरी स्वतः सांगतात. त्यांच्या तोंडून मात्र याबद्दल कधी शब्द ऐकू येत नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी धुरपताबाई घरी आल्या, हातपाय धुतले आणि चहा न टाकताच ओट्यावर बसल्या. नत्थूभाऊंनी दोनदा विचारलं, तेव्हा कुठे बोलल्या.

त्या दिवशी रूपरावांच्या वावरात पहिली वेचणी होती. पहिल्या वेचणीला सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तोच दहीभात मुठीनं पिकावर शिंपडायचा. रूपरावांच्या बायकोनं, देवकाबाईंनी, हे सगळं मनापासून केलं. नंतर हात धुतले, आणि पदराला पुसताना बघतात तर बोटातली अंगठी नाही. देवकाबाईंच्या आईची ती शेवटची खूण. स्वतःच्या आजारपणात बोटं बारीक झाली, तरी त्यांनी ती काढून ठेवली नव्हती.

"हातावर पानी मीच टाकलं थ्याईच्या," धुरपताबाई म्हणाल्या. "सगळ्या बायांनं शोधली. नाई सापडली. मंग रूपरावजी म्हणे, आपापल्या कमरेच्या ओट्या झटका. म्हणे सगळ्याईले, पाहे माह्याकडं. मी सगळ्याईच्या आधी झटकली."

"चोर म्हणलं काय तुले?"

"म्हणलं असतं तं भांडली असती ना मी! कोनी काईच म्हणलं नाई. आता फोन आलता त्याईचा. बाया येऊ दे, उद्या तू नाई आली तं चालते म्हणे."

सवयीनं नत्थूभाऊंच्या तोंडातून निघून गेलं, "जमीन कशी हाये थ्या वावराची?"

"माही इज्जत चालली अन् तुमाले जमीन सुचून राह्यली?" धुरपताबाई अशा कडाडल्या, की शेजारची सुलोचना दारात येऊन उभी राहिली. नत्थूभाऊंनी मान खाली घातली. पण थोड्या वेळानं धुरपताबाई स्वतःच सांगू लागल्या, आणि तीस वर्षं वावरात वाकलेली बाई सांगते तसं सांगू लागल्या. वरचं अर्धं वावर बरड, लाल मुरूम. खाली नाल्याकडे काळी, आणि तिला आता भेगा पडू लागलेल्या. पूजा झाली ती दोन्हींच्या शिवेवर. पऱ्हाटी कमरेएवढी, दोन ओळींमधल्या तासात पाऊल ठेवायला जागा नाही. वावराभोवती रानडुकरांसाठी विजेच्या झटक्याची तार.

नत्थूभाऊंनी तिसरं मशीन खुंटीवरून काढलं आणि त्याला वाटीएवढी छोटी थाळी बसवू लागले. मध्येच त्यांचे हात थांबले. "धुरपता, मी सापडवली तं लोक म्हणतीन, नवऱ्यानंच खिशातून काढली."

"मंग तुमी हात नका लावू," धुरपताबाई म्हणाल्या. "थ्याईच्या हातानं शोधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मोपेडवर वावरात पोचले, तेव्हा टोळी वरच्या बाजूला वेचत होती. बायांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या. पूजेच्या दगडांपाशी रूपरावांचा पुतण्या मुकेश घाम पुसत उभा होता. नागपूरच्या मित्राचं नवंकोरं मशीन त्यानं मागून आणलं होतं, पडदा मोबाइलसारखा, थाळी जेवणाच्या ताटाएवढी. ते ताट पऱ्हाटीत अडकत होतं, आणि मोकळ्या जागी टेकवलं की नुसतं किंचाळत होतं.

"काका, सगळीकडंच सोनं दाखवून राह्यलं हे," मुकेश वैतागून म्हणाला.

नत्थूभाऊंनी कान दिला. "किंचाळते थो मुरूम. अन् मंधामंधात टिक टिक होते, थो तुमचा झटका. तार बंद करा पयले."

मुकेशनं जाऊन तार बंद केली. टिकटिक थांबली. मुकेशच्या चेहऱ्यावरचा भाव पाहून नत्थूभाऊंना गुदगुल्या झाल्या, पण ती मिरवायची वेळ नव्हती. रूपराव वावराच्या कडेला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाठ करून उभे होते आणि धुरपताबाई त्यांच्यापासून दहा पावलांवर. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याकडे पाहत नव्हतं.

"बाई," नत्थूभाऊ देवकाबाईंना म्हणाले, "काल पूजेच्या वक्ती काय काय केलं, थे पयल्यापासून करून दाखवा. हात धुवाच्या आधीचं."

देवकाबाई दगडांपुढे बसल्या. कुंकू लावलं, नैवेद्य दाखवला. मग उठून त्यांनी मूठ भरल्यासारखा उजवा हात मागे नेला आणि नाल्याच्या दिशेनं जोरात फेकला, आणि तसाच हात हवेत धरून उभ्या राहिल्या. दह्यानं माखलेलं बोट, सैल अंगठी आणि भरल्या हातानं फेकलेली मूठ. सगळ्यांनी शोधलं होतं ते दगडांपाशी आणि हात धुतले तिथं. एवढ्या लांब कोणी गेलंच नव्हतं.

"म्हणजे बरडीवर नाई," नत्थूभाऊ म्हणाले. "काळीत गेली."

ते शिव ओलांडून काळीत उतरले. बरडीची माती मशीनला शिकवून उपयोग नव्हता, आता काळी शिकवायची होती. मोकळी जागा बघून त्यांनी थाळी खाली-वर केली, मशीन गप्प झालं. मग सदऱ्याचे आणि पँटचे खिसे सगळ्यांसमोर उलटे केले आणि मशीन देवकाबाईंच्या हातात दिलं.

"मी हात लावणार नाई. तुमी चाला, मी अथूनच सांगतो."

देवकाबाईंनी जन्मात असलं काही हातात धरलं नव्हतं. सारवणाचा हात फिरवतात तशी थाळी फिरवा, असं नत्थूभाऊंनी सांगितलं, तेव्हा त्यांना ते जमलं. पहिला आवाज आला तो जाड आणि तुटक. नत्थूभाऊ म्हणाले, लोखंड आहे, पुढं चला. दुसरा आवाज आला, मुकेशनं धावत जाऊन उकरलं, तर गुटख्याची पुडी. मशीनच्या कानाला ती आणि सोनं जवळजवळ सारखंच. पऱ्हाटीचं चौथं तास गेलं, पाचवं गेलं. धुरपताबाई जागच्या हलल्या नव्हत्या. आज सापडलं नाही तर नत्थूभाऊंचं फक्त मशीन हरणार होतं, बायकोला मात्र हे जन्मभर पुरणार होतं.

सहाव्या तासात मशीन बोललं. बारीक, गोल, स्वच्छ.

"तिथंच. उकरू नका, भेगेत पाहा."

देवकाबाई गुडघ्यावर बसल्या. बोटभर रुंद भेग होती. त्यांनी काडीनं अलगद माती सारली आणि दोन बोटांनी अंगठी वर काढली. तिच्या आतल्या बाजूला वाळलेली भाताची तीन शितं चिकटली होती. पाण्यानं धुतलेल्या हातातून गळलेल्या अंगठीला शितं चिकटत नाहीत, हे रूपरावांनाही कळलं. ते धुऱ्यावरून खाली उतरले आणि पागोट्याचं टोक चाळवत राहिले.

देवकाबाई रडतच धुरपताबाईंकडे गेल्या, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "माह्या मनात काई नव्हतं, धुरपताबाई."

"व्हतं, बाई," धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या. "असू द्या, मानसाच्या मनात येते. पन काल ओटी झटकाले सांगतलं थे पंधरा बायाईच्या समोर. आताही थ्या पंधराच हायेत."

वेचणाऱ्या बायांचे हात थांबले. रूपरावांनी घसा खाकरला, पण देवकाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. त्या बरडीच्या उंचवट्यावर चढल्या, डोळे पुसले आणि सगळ्या वावराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आयका वो बायाहो! अंगठी माह्याच हातातून गेलती. धुरपताबाईवर वहीम घेतला, थे आमची चूक झाली. मी माफी मांगतो त्याईची."

"मंग झालं," धुरपताबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, कमरेला ओटी बांधली आणि टोळीच्या पुढच्या तासात जाऊन उभ्या राहिल्या. "चाला, ऊन चढून राह्यलं."

मुकेश आपलं मशीन दाखवून काहीतरी विचारत होता, पण नत्थूभाऊंना ते ऐकूच आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ऊर नुसता फुलला होता. पुढे आठवडाभर बोरगावात ज्यानं त्यानं विचारलं, की भाऊ, अंगठी कशी सापडवली? जो माणूस एका कानातल्याची कहाणी अर्धा तास सांगायचा, तो अंगठीचं दोन वाक्यांत उरकायचा. मग खुर्ची पुढे ओढायचा, आणि धुरपता काय बोलली ते शब्दन् शब्द सांगायचा.