एकच पायरी खाली

आमच्या क्लासात कॉम्प्युटर दोनच होते, पण किस्से एवढे साठले की दोन्ही हार्ड डिस्क भरून वर उरतील! गावात प्रोग्रामर घडवायचे या ध्यासानं मी लांब उत्तरेत शिकून थेट पेठला परतलो होतो. गावातल्या आबांनी त्यांच्या खताच्या दुकानामागची खोली दिली. तिथं 'सी' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचो.

आमचं लाडकं फंक्शन एकच. झाडासारखी रचलेली नावं असतात. त्यातलं एक नाव फंक्शनला द्यायचं, की ते त्याच्या लगेच खालची नावं आणून देतं.

*

पहिल्या दिवशी मी फळ्यावर झाड काढलं. मूळ वर, फांद्या खाली. अर्धा तास तळमळीनं बोललो.

आबा दारातून म्हणाले, "मास्तर, समदं समजलं. फकस्त जमीन कोन्या अंगाला हाय तेवढं सांगा!"

*

मग तालुक्याचं झाड केलं. 'आंबेगाव' दिलं, उत्तर आलं: पेठ, महाळुंगे पडवळ, तळेघर.

तळेघरकडचा किसन हिरमुसला. "सर, आमची वाडी न्हाई आली."

"ती तळेघरच्या खाली आहे. हे फंक्शन एकच पायरी उतरतं."

"म्हंजे येश्टीवानीच! तळेघरला सोडती, म्होरं चालत जावा!"

*

हे फंक्शन यादीसाठी मेमरी घेतं आणि काम झाल्यावर ती आपण परत करायची असते. पोरं विसरायची. दुपारपर्यंत मशीन ठप्प!

मी चिडलो. तेव्हा संगीता, आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, पोरांवर कडाडली, "लग्नाला आणलेली भांडी घासून परत करता ना? न्हाई केली तर पुढच्या लग्नाला कोण देईल?"

तेव्हापासून मॉनिटरवर चिठ्ठी: 'भांडी परत केली का?' मशीन पुन्हा कधी अडलं नाही!

*

फीवर भागेना, म्हणून लग्नपत्रिकांसाठी भावकीच्या नावांच्या याद्या काढून द्यायला लागलो. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे महाळुंग्याचे एक आजोबा. यादी ऐकून आजोबा उखडले, "पोरं हायेत, नातवंडं कुटं गेली?"

एकच पायरी! संगीतानं मग आलेल्या प्रत्येक नावावर तेच फंक्शन पुन्हा चालवलं.

आजोबांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे एका घरी गेलं, की त्याच्या पोरांच्या घरी जायाचं, मग त्येंच्या पोरांच्या. आवतनाची रीतच हाय की ही! यात नवं काय केलं?"

*

आणि मग आबांच्या लेकीचं लग्न ठरलं.

आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या विहिरीच्या पाण्यावरून भांडले होते. बोलणं बंद. नवरी मात्र काकाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. ती रोज आबांना विचारायची, "काका येनार ना?" आबा गोण्या मोजायला लागायचे.

आबा क्लासात आले. "पत्रिकेच्या यादीतनं तात्याचं नाव काढून टाक."

संगीतानं काढलं आणि यादी वाचून दाखवली.

"पिंकी न्हाई आली?" आबा दचकले. पिंकी म्हणजे तात्यांची चिमुरडी लेक. भांडण असो नसो, रोज संध्याकाळी आबांच्या गल्ल्याशेजारी बसून गोळ्या खायची.

"ती तात्यांच्या खाली व्हती, आबा. वरचं काढलं की खालचं समदं जातं."

"मग तिला माज्याखाली टाक."

"टाकते. पण मग ती तुमची लेक व्हईल. तात्यांना विचारलंय का?"

आबांनी युरियाच्या गोणीवर बसकण मारली.

"घाल त्यालाबी. पर पार शेवटाला घाल."

पत्रिका वाटल्या गेल्या. लग्नाच्या दिवशी अक्षता वाटायची वेळ झाली, तरी तात्यांचा पत्ता नाही. आबा मांडवाच्या दारातून हलेनात.

शेवटी पिंकीचं बोट धरून तात्या आले. दारातच थांबले.

"पत्रिकेत माजं नाव कुनी घातलं?"

"मशीननं," आबा म्हणाले.

"मग मशीनचा मान राखाया आलोय."

आबांनी काखेतला गुलाबी फेटा पुढं केला. "हा घे. ह्योबी मशीननंच आनून ठेवलाय."